योग्य ते तेल लावून जोडावे

मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, इस्त्री, गिझर, टेबलफॅन यांच्या खोक्यात सगळ्यात वर एक छोटी पुस्तिका असते ना, जी तुम्ही खोकं उघडताच न बघता बाजूला फेकता? ती माझी! बावीस वर्षं हेच काम करतोय आणि बावीस वर्षांत माझ्या एकाही पुस्तिकेत कोणीही, कध्धीही चूक काढलेली नाही. ही गोष्ट मी घरी दिवसातून एकदा तरी सांगतो.

तेव्हा त्या सोमवारी सासऱ्यांनी रुमालात गुंडाळलेलं इंजिन माझ्यासमोर ठेवलं, त्या वेळी मी अजिबात डगमगलो नाही.

आधी इंजिनाबद्दल सांगतो. सासऱ्यांकडे हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढी एक गाडी आहे, रिमोटवर चालणारी. पण तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नाही. तिच्यात लिंबाएवढं खरंखुरं इंजिन आहे. त्याला पिस्टन आहे, कार्बोरेटर आहे, डोक्यावर प्लग आहे आणि ते नायट्रो नावाच्या उग्र वासाच्या इंधनावर असं काही किंचाळतं की शेजारचे खिडक्या लावून घेतात. सासरे बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवत होते. घराएवढं खोकं जहाजावर असं अलगद ठेवायचे की खालच्या माणसाच्या कपातला चहा हलायचा नाही! असा माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल कसा? गेली एकवीस वर्षं ते मैदानावर ही गाडी पळवतायत.

"जावईबापू, हात थरथरतात हो आता," ते म्हणाले. "पिस्टनची ती बारीक क्लिप बसवताना चार वेळा उडाली. चौथ्यांदा हिच्या डाव्या चपलेत सापडली. नवे सुटे भाग आणलेत, तुम्ही जोडून द्या. रविवारी शर्यत आहे. माझी शेवटची."

"शेवटची का हो, बाबा?"

"कधीतरी थांबायचंच. पण मैदान सोडायचं ते आपल्या गाडीने सोडायचं! इंजिन नाही झालं तर मैदानावरची मंडळी मला बॅटरीवाली गाडी देणार आहेत चालवायला. बॅटरीवाली! धूर नाही, वास नाही, आवाज नाही. त्यापेक्षा मी घरी बसून पंखा बघेन!"

"पण बिघडलं कशाने?"

"गंज! पहिलं वर्ष सोडलं तर एकोणीस वर्षं एक ठिपका नव्हता. हाताचा गुण, दुसरं काय! गेल्या वर्षी हवाच वाईट होती बहुतेक." मग जरा थांबून म्हणाले, "तेल तेवढं तुम्ही बघून लावा. तेलाचं मला काही कळत नाही."

"बाबा, तेलाचं माझ्यावर सोडा!" मी छाती फुगवून म्हणालो. माझ्या मागे बायकोने घेतलेला सुस्कारा मला ऐकू आला, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी इंजिन उघडलं. डोक्यावरचा प्लग पान्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी निघाला. हे जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं, हादऱ्यांनी झाला असेल सैल. आत बेअरिंगं तांबडीलाल! नव्या भागांच्या पाकिटात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर जोडणीची एकच सूचना होती: 'योग्य ते तेल लावून जोडावे.'

योग्य ते तेल! म्हणजे कोणतं? मी संतापाने लाल झालो. आणि मग हळूहळू फिका पडलो. कारण हेच वाक्य मी स्वतः आजवर चौदा पुस्तिकांत लिहिलेलं आहे. 'योग्य ते तेल', 'योग्य ती काळजी', 'योग्य त्या व्यक्तीकडून'. जे आपल्याला माहीत नसतं तिथे 'योग्य' घालायचं, हे आमच्या धंद्यातलं गुपित मी आज तुम्हाला सांगून टाकलं.

इंजिनाची मूळ पुस्तिका कुठे आहे म्हणून सासऱ्यांना विचारलं. "पुस्तिका? ती कोण ठेवतं!" असं मला, माझ्या तोंडावर, ते म्हणाले.

मंगळवारभर मी इंटरनेटवर वाचत होतो. या छंदातली जगभरातली माणसं तेलावरून एकमेकांच्या उरावर बसलेली! एक म्हणतो एरंडेल, दुसरा म्हणतो एरंडेल लावणाऱ्याला इंजिन बाळगायचा हक्क नाही. एकाने तर तेलापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. तीनशे चाळीस पानं वाचून माझ्या पदरात एवढंच पडलं की प्रयोग स्वतःच करायला हवा.

बुधवारी मी सात तेलं जमवली. स्कूटरचं इंजिन ऑइल आणि गिअरचं तेल गॅरेजवाल्या मित्राकडून. ("गिअरचंच घे," तो म्हणाला, "हत्ती घसरून पडेल!") न्हाव्याकडून केस कापायच्या मशीनचं. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरची तेलाची कुपी त्यांना न विचारता, कारण त्या बाहेर गेल्या होत्या. घरातलं खोबरेल, घरातलंच खायचं तेल आणि पाहुण्यांनी कधीतरी विसरलेलं एरंडेल. सगळी तेलं एकसारख्या छोट्या बाटल्यांत भरली, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात कागदी लेबल चिकटवलं आणि बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या. पुस्तिकेत छापावं असं चित्र दिसत होतं!

संध्याकाळी बायकोने फ्रीजर उघडला.

"हे सात चमचे इथे का झोपवलेत?"

"थंडीत कोणतं तेल घट्ट होतं ते बघतोय."

"आणि मी सूप काय काट्याने पिऊ?"

"विज्ञानासाठी एक दिवस काटा वापर!"

तिने त्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं. एकीचंच.

गुरुवारी सकाळी सासरे खालच्या मजल्यावरून वर आले. मी ऑफिसला जायच्या गडबडीत होतो. ते खिडकीशी बसले, बाटल्या बघितल्या आणि लेकीने घरी काहीतरी मालिशचं काढलंय असं समजून त्यातली एक त्यांनी दोन्ही गुडघ्यांना चोळली. मी संध्याकाळी परतलो तेव्हा ते खुशीत होते.

"जावईबापू, काय गुण आहे तेलाला! जिना एका दमात चढलो. फक्त आमची मांजर सकाळपासून घरात यायला तयार नाही."

"कोणती बाटली, बाबा?"

"ती काय, तिथली!"

मी खिडकीकडे पाहिलं. सातही लेबलं तेल पिऊन पिऊन गळून पडली होती आणि झाडाच्या पानांसारखी खाली पसरली होती! आता कोणती बाटली कशाची, हे फक्त देवाला ठाऊक. मी मात्र हार मानणाऱ्यांतला नाही. एकेक बाटली हुंगायची, मग खाली वाकून सासऱ्यांचा गुडघा हुंगायचा, पुन्हा बाटली, पुन्हा गुडघा, असं पद्धतशीर काम सुरू केलं.

बायको दारात आली. "काय चाललंय?"

"बाबांच्या गुडघ्याचा वास घेतोय."

ती आल्या पावली परत गेली. वासावरून ते गिअरचं तेल निघालं. हत्तीचं माहीत नाही, पण सासरे त्या दिवशी न घसरता जिना उतरले.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि ताजं एरंडेल आणायला औषधाच्या दुकानात गेलो. इंटरनेटवर त्याचीच बाजू थोडी जड होती.

"चार बाटल्या द्या."

औषधवाल्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चार? अहो, दोन चमचे पुरतात. घ्या आणि दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडू नका."

"मला नको, इंजिनाला हवंय."

"लाजू नका हो," तो मायेने म्हणाला. "इथे येणारा प्रत्येक जण दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगतो. इंजिन मात्र पहिल्यांदाच ऐकलं!" आणि त्याने आवाज चढवून आतल्या माणसाला सांगितलं, "यांना एरंडेल दे रे, एकच बाटली दे, ऐकू नकोस त्यांचं!" रांगेतल्या चौघांनी मला आपणहून वाट करून दिली.

घरी येऊन एरंडेल लावून इंजिन जोडलं. बारीक क्लिप पहिल्या फटक्यात बसली! इंजिनाला जोडलेलं चाक अंगठ्याने फिरवलं. पिस्टन झोकात वर निघाला आणि अगदी टोकाला जाऊन अडला. खट्ट!

एरंडेल चिकट, दुसरं काय! उघडलं, पुसलं, स्कूटरचं लावलं, जोडलं. वर जाऊन खट्ट! उघडलं. न्हाव्याचं लावलं. खट्ट! खोबरेल, खट्ट! खायचं तेल, खट्ट! (कोणती बाटली कशाची याची आता मला तशी फिकीर उरली नव्हती.) शनिवारी दुपारपर्यंत मी ते इंजिन नऊ वेळा उघडलं आणि नऊ वेळा जोडलं. क्लिप तर मी आता डोळे मिटून बसवत होतो. पण पिस्टन म्हणाल तर टोकाला अडायचा म्हणजे अडायचाच!

खालून सासऱ्यांचा आवाज यायचा, "झालं का हो?" आणि मी वरून ओरडायचो, "होतच आलंय!" दर वेळी माझा आवाज थोडा बारीक व्हायचा. ते खाली रिमोटच्या काड्या फिरवत बसले होते, थरथरत्या बोटांना सवय राहावी म्हणून. ते आठवून मला अन्न गोड लागेना. चाळीस वर्षं ज्याच्या हातून काही सांडलं नाही, त्या माणसाने आपली शेवटची शर्यत माझ्या हाती दिली होती आणि मी ती सात तेलांत बुडवली होती!

शेवटी मी ठरवलं, पिस्टनच थोडा घासायचा. पॉलिश पेपर काढला. पिस्टन डाव्या हातात धरला, उजवा हात उचलला...

"माझी कुपी इथे आलीय का?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. सासूबाईंबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण त्यांच्याबद्दल कोणी काही सांगतच नाही. इस्पितळाच्या शिवणखोलीत त्यांनी आयुष्य काढलं. डॉक्टरांचे झगे, चादरी, पडदे शिवले. बोलणं कमी, बघणं जास्त. त्यांनी आधी कुपी पाहिली, मग माझा हात, मग पॉलिश पेपर.

"तो कागद खाली ठेवा," त्या म्हणाल्या. बाँब निकामी करणारा माणूस ज्या सुरात बोलेल, त्या सुरात.

मी ठेवला.

"आता जोडा बघू."

मी दहाव्यांदा जोडलं. त्यांनी इंजिन घेतलं, अंगठ्याने चाक फिरवलं. खट्ट!

"बघितलंत?" मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "सात तेलं झाली, आई!"

"तेलाचा काय दोष? हे बरोबर आहे. पिस्टन ज्या नळीत फिरतो ती वरच्या टोकाला मुद्दाम जराशी अरुंद असते. थंड असताना पिस्टन तिथे अडायलाच हवा. इंजिन तापलं की नळी पसरते आणि माप जुळतं. आत्ताच मोकळं फिरलं असतं ना, तर तापल्यावर नुसता खुळखुळा झाला असता! तुम्ही घासणार होतात, म्हणजे संपलंच होतं सगळं."

मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे खुर्ची होती म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसलो असतो. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"पुस्तिकेत लिहिलंय. पान सहा."

त्यांनी पदराआडून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. इंजिनाची मूळ पुस्तिका! प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. "माझ्या शिवणाच्या खणात असते. यांना कुठे वाचायची सवय!"

मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच वर्षी शर्यतीनंतर इंजिन तसंच ठेवलं म्हणून आतून गंज धरू लागलं होतं. सासरे चार दिवस कोणाशी बोलले नाहीत, भिंतीकडे बघत बसले. "मला ते बघवेना," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून दर शर्यतीनंतर हे महाशय गाडी मागच्या पायरीवर ठेवून आंघोळीला गेले की सासूबाई गुपचूप जायच्या, प्लग काढायच्या, आत तेलाचे चार थेंब सोडायच्या, चाक दहा वेळा फिरवायच्या आणि प्लग परत लावायच्या. एकोणीस वर्षं! आणि तो हाताचा गुण म्हणजे हा!

"गेल्या वर्षी थोरलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने तिच्याकडे होते. तेवढ्यात गंजलं."

"पण तेल कोणतं, आई? योग्य तेल कोणतं?" मी जवळजवळ हात जोडले.

"जोडताना एरंडेल. ते या इंधनात विरघळतं, स्कूटरचं विरघळत नाही, वर तरंगत राहतं. आणि काम झाल्यावर ठेवताना शिलाई मशीनचं, कारण एरंडेल पडून राहिलं की डिंकासारखं होतं. तेही करून बघितलंय मी. तुमच्यासारखी सात नाही, दोनच तेलं. आता आधी हे सगळं त्या इंधनातच धुऊन काढा, खिडक्या उघडून. आणि यांना काही सांगायचं नाही. हाताचा गुण म्हणतात, तर म्हणू देत."

काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षं ज्या वाचकाची मी वाट बघत होतो, तो खालच्या मजल्यावर शिवण घालत बसला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हात तेलकट होते.

संध्याकाळी इंजिन गाडीत चढलं. पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे सासऱ्यांनी दोन टाक्या इंधन गल्लीत सावकाश जाळलं. रविवारी मैदानावर निळसर धूर निघाला, इंजिन किंचाळलं आणि सासऱ्यांची वाकलेली पाठ ताठ झाली. बोटं थरथरत होती, पण वळणावर गाडी इतकी अलगद वळायची की मला ते जहाज आणि तो चहाचा कप आठवला. सहाजणांत ते चौथे आले. दोन्ही बॅटरीवाले मागे! माझा घसा ओरडून बसला.

"इंजिन कोणी जोडलं?" कोणीतरी विचारलं.

"जोडलं जावयाने," सासरे अभिमानाने म्हणाले, "पण टिकतं ते माझ्या हाताच्या गुणाने!"

मी तोंड उघडलं. शेजारच्या घडीच्या खुर्चीतून सासूबाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी तोंड मिटलं. परतीच्या वाटेवर सासरे म्हणाले की शेवटची म्हणजे या मोसमातली शेवटची, असं त्यांना म्हणायचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी गाडी मागच्या पायरीवर ठेवली. मी दाराआड बूट काढत होतो, ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. खिशातून छोटा पाना काढला. थरथरत्या हाताने, दोन-तीन प्रयत्नांत तो प्लगवर बसवला, जेमतेम अर्धा वळसा उलटा फिरवला आणि पाना पुन्हा खिशात टाकला. मग टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मी आंघोळीला चाललो हो! चांगला अर्धा तास लागेल मला!"

आतून बेसूर गाणं सुरू झालं. सासूबाई कुपी घेऊन लगबगीने आल्या. दोन बोटांनी प्लग फिरवला आणि काढला.

"पाना नको?" मी विचारलं.

"छे! हा नेहमी असा हातानेच निघतो. इतक्या वर्षांत मला पाना लागला नाही. माझ्या मनगटात कुठे एवढा जोर! तुमच्या बाबांना काही घट्ट आवळायची सवयच नाही, धांदरट आहेत नुसते!"

मी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. तासापूर्वी किंचाळत असलेल्या इंजिनाचा प्लग कधी हाताने निघत नसतो. म्हणजे एकोणीस वर्षं त्या माणसाला ठाऊक होतं! आणि गेल्या वर्षी सासूबाई घरात नसतानाही सवयीने अर्धा वळसा फिरवून, टॉवेल घेऊन, मोठ्याने सांगून ते आंघोळीला गेले असणार. सोमवारी माझ्या बोटांनी निघालेला तो प्लग मला आठवला. तेलाचं मला काही कळत नाही, असं ते म्हणाले होते. खरंच होतं ते. तेल हे खातं त्यांचं नव्हतंच. माझे डोळे भरून आले आणि मी खाली वाकून उगाच बुटाची नाडी सोडली. बूट केव्हाच काढून झाले होते.

सासूबाईंनी चार थेंब सोडले, दहा वेळा चाक फिरवलं, प्लग लावला. मी कोणालाच काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

"जावईबापू," कुपीचं टोक पुसत त्या म्हणाल्या, "तुमचीही एक पुस्तिका आहे माझ्या खणात. आमच्या मिक्सरची."

"वाचलीत?" मी आनंदाने उडालोच. "कशी आहे?"

"भाषा छान आहे. पण पान अकरावर चूक आहे."

"शक्यच नाही! बावीस वर्षांत..."

"आधी बटण दाबा आणि मग झाकण लावा, असं लिहिलंय तुम्ही." त्यांनी उघड्या दारातून आत स्वयंपाकघराच्या छताकडे बोट दाखवलं. तिथे चार वर्षांपासून एक मोठा लालसर डाग आहे. गळती असेल, योग्य त्या व्यक्तीला दाखवून घ्या, असं मीच त्यांना दोनदा सुचवलं होतं.

"टोमॅटो," सासूबाई म्हणाल्या. "मी सूचनेबरहुकूम केलं होतं."